आधी ब्रेक सोडा, मग चाक ओढा!

परवा सायकल दुरुस्तीच्या दुकानात पुन्हा तेच. पंक्चर काढलं, टायर टणक भरला आणि तो फुगलेला टायर दोन ब्रेकपॅडच्या मधून गुडघा लावून आत ढकलणं सुरू! अहो, टायर ३८ मिलिमीटरचा, पॅडमधली जागा जेमतेम ३०. जाईल कसा? गेला नाही की आणखी जोर. पॅड वाकडा झाला तरी जोर!

व्ही-ब्रेक आहे हो हा, चाकाच्या दोन्ही बाजूंना एकेक दांडा असलेला. दोन्ही दांडे एका हाताने रिमकडे दाबा, केबल सैल पडते, मग केबल ज्यातून जाते ती वाकडी नळी खाचेतून बाहेर काढा. झालं! ना पाना लागतो, ना पक्कड. रेसिंग सायकलच्या कॅलिपर ब्रेकला, म्हणजे चिमट्यासारख्या ब्रेकला, तर तो असा उघडण्यासाठीच छोटा खटका असतो. बनवणाऱ्याने एवढा विचार केलाय, तुम्ही निदान बघाल की नाही?

एकाने तर नळी सोडून थेट केबलचा नटच ढिला केला. केबलच्या तारा पिंजून झाडूसारख्या झाल्या. दुसऱ्याने नळी बरोबर काढली, पण परत अडकवलीच नाही! कात्रजच्या उतारावर लिव्हर दाबली, ती सरळ हँडलला टेकली. पुढचा ब्रेक होता म्हणून वाचलो. बसवल्यावर एकदा लिव्हर दाबून बघायला किती वेळ लागतो?

आणि मी स्वतः हात घातला की, "साहेब, तुम्ही राहू द्या."

का राहू देऊ? उतारावर मी असतो!