‘भाषांतराचं बटण लावा, काम झालं’: हा सल्ला दुकानदारांनी का ऐकू नये

दुकानदारांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक सल्ला सारखा फिरतोय: साइट मराठीत करा, वर गूगलचं भाषांतराचं बटण लावा, फुकटात शंभर भाषा. प्रत्येक भाषेची वेगळी पानं ठेवणं म्हणजे पैसे पाण्यात, ती शिळीच होतात. मी कोल्हापुरातल्या छोट्या धंद्यांच्या साइट करतो, आणि या सल्ल्यानं नुकसान होतं, म्हणून एकेक दावा तपासू.

‘फुकट आहे.’ गूगलनं हे बटण नव्या साइटना देणं २०१९मध्येच बंद केलं. २०२०मध्ये करोनाच्या काळात पुन्हा दिलं ते सरकारी, ना-नफा आणि बिगरव्यापारी साइटसाठी. चपलांच्या दुकानाचा त्यात नंबर लागत नाही.

‘परप्रांतातलं गिऱ्हाईक आपोआप येईल.’ येणार नाही. असं बटण पानाचा मजकूर बदलतं ते आलेल्या माणसाच्या ब्राउझरमध्ये. पानाचा पत्ता तोच राहतो. धारवाडचा माणूस कन्नडमध्ये शोधतो तेव्हा गूगलकडे तुमचं कन्नड पानच नसतं. त्यासाठी प्रत्येक भाषेला स्वतंत्र पत्ता हवा आणि कोडमध्ये एचरेफलँगची खूण हवी, म्हणजे हेच पान दुसऱ्या भाषेत कुठे आहे हे गूगलला सांगणारी ओळ. मराठी पानानं कन्नडचा पत्ता द्यायचा, कन्नडनं मराठीचा. एकाच बाजूनं दिला तर गूगल तो धरत नाही. आणि कन्नड आपल्याला परकी कुठे आहे? कोल्हापुरी चपलेचं भौगोलिक मानांकनच महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून आहे.

‘वेगळी पानं शिळी होतात.’ ही तक्रार मात्र खरी आहे. मराठी पानावर दर वाढवला, इंग्रजीवर जुनाच राहिला, बंगळुरूहून जुन्या दरानं ऑर्डर आली की वाद ठरलेला. पण इथे दोष पानांचा नाही, मांडणीचा आहे. दर, माप, शिल्लक माल, फोटो, फोन नंबर यांना भाषा नसते. ते एकाच जागी ठेवायचे आणि सगळ्या पानांनी तिथूनच उचलायचे. भाषांतर फक्त वर्णनाचं. साइट बांधायच्या ड्रूपल या सॉफ्टवेअरमध्ये आठव्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१५पासून, कोणता रकाना भाषांतराचा आणि कोणता सामाईक हे मुळातच ठरवता येतं. मूळ मजकूर बदलून जतन करताना ‘बाकीची भाषांतरं जुनी झाली’ अशी खूणही करता येते. मग खूण असलेलं तेवढंच दुरुस्त करायचं. वर्डप्रेस या तशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या गाभ्यात ही सोय नाही. तिथे पॉलीलँगसारखं प्लगिन, म्हणजे वरून जोडायचा भाग, घ्यावं लागतं, आणि सामाईक रकाने बसून ठरवावे लागतात. हे काम साइट बांधतानाच करा, शेकडो वस्तू भरून झाल्यावर ते फार महागात पडतं.

‘यंत्राचं भाषांतर आता माणसाइतकं चांगलं.’ पहिला खर्डा म्हणून ते जरूर घ्या, मीही घेतो. पण परतीच्या अटी आणि चामडं भिजू न देण्याची सूचना जाणत्या माणसानं वाचल्याशिवाय लावू नका. ब्राउझरमधल्या बटणात चूक दिसली तरी ती तुम्हाला सुधारता येत नाही. पुढच्या गिऱ्हाइकालाही तीच दिसते.

‘ठिकाण ओळखून भाषा आपोआप बदला’ असंही त्यात जोडलेलं असतं. निपाणी कर्नाटकात आहे, पण तिथं मराठी बोलणारे भरपूर आहेत. त्यांच्यावर कन्नड पान लादू नका. भाषा निवडायची सोय वरच, ठळक द्या.

आणि खर्चाची धास्ती असेल तर आधी वस्तूंची वर्णनं, मापाचा तक्ता, परतीच्या अटी आणि संपर्क एवढंच कन्नडमध्ये करा. ‘आमच्याविषयी’ दिवाळीनंतर झालं तरी चालेल.