समस्थानिक बदलले की अतिसंवाहकाचे तापमान बदलते : एका प्रचलित संदेशाचा प्रतिवाद

जळगाव, अमळनेर, धुळे आणि भुसावळ येथील बारावीच्या व बी.एस्सी.च्या विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप गटांतून सध्या एक लांबलचक संदेश फिरतो आहे. मी जळगावात अनेक वर्षे पदार्थविज्ञान शिकवतो. याच संदेशातील वाक्ये माझ्या वर्गातील उत्तरपत्रिकांत जशीच्या तशी उतरलेली पाहिली, तेव्हा त्याला सविस्तर उत्तर देणे मला आवश्यक वाटले.

संदेशाचा आशय असा : एकाच मूलद्रव्याच्या समस्थानिकांत (म्हणजे न्यूट्रॉनांची संख्या आणि त्यामुळे वजन वेगळे असलेल्या अणूंत) इलेक्ट्रॉन सारखेच असतात आणि वीज इलेक्ट्रॉनच वाहून नेतात, म्हणून न्यूट्रॉन कमी-अधिक झाल्याने धातूच्या अतिसंवाहकतेत (म्हणजे अतिशय कमी तापमानाला विद्युतरोध पूर्ण नाहीसा होण्यात) काहीही फरक पडू शकत नाही, आखाजीच्या झोक्यावर लहान मूल बसले काय किंवा मोठा माणूस बसला काय, झोक्याची लय तीच राहते, तसेच अणूच्या वजनाचे आहे, अतिसंवाहकतेचा शोध लावणाऱ्या कामरलिंग ओनस यांनाही शिशात असा फरक सापडला नव्हता, १९५० साली पाऱ्यात जो फरक सापडला तो अशुद्धतेचा किंवा मोजमापातील चुकीचा होता, रुथेनियममध्ये तो आढळतच नाही, आणि असला तरी एमआरआय यंत्राच्या तारा बनवताना समस्थानिकांचा विचार कोणी करत नाही, म्हणून हा भाग निरर्थक आहे.

पहिल्या मुद्द्यात अर्धे सत्य आहे, आणि त्यामुळेच तो पटकन पटतो. समस्थानिकांचे रासायनिक गुणधर्म जवळजवळ सारखे असतात हे खरे आहे, कारण रासायनिक बंध इलेक्ट्रॉनांवर ठरतात. परंतु यावरून सर्व भौतिक गुणधर्म सारखे असतात असे ठरत नाही. साध्या पाण्याचे बर्फ शून्य अंशाला वितळते, तर जड पाण्याचे, म्हणजे ज्यातील हायड्रोजन त्याच्या जड समस्थानिकाचा असतो अशा पाण्याचे, ३.८ अंश सेल्सिअसला. दोन्हींतील इलेक्ट्रॉनांची संख्या एकच आहे. ज्या गुणधर्मात अणूंच्या हालचालीचा वाटा असतो, तेथे अणूचे वस्तुमान आपोआप हिशेबात येते. तेव्हा खरा प्रश्न असा आहे की अतिसंवाहकतेत अणूंच्या हालचालीचा वाटा आहे की नाही. १९११ साली नेदरलँड्समधील लायडेन येथे सुमारे ४.२ केल्विन तापमानाला, म्हणजे शून्याखाली सुमारे २६९ अंश सेल्सिअसला, पाऱ्याचा विद्युतरोध एकाएकी नाहीसा झालेला दिसला. त्यानंतर जवळपास चाळीस वर्षे या प्रश्नाचे उत्तर कोणाजवळ नव्हते. संदेश लिहिणाऱ्याने मात्र ते प्रयोगाविना गृहीत धरले आहे.

झोक्याचा दाखला खानदेशातल्या प्रत्येकाला जवळचा वाटेल. अक्षय्य तृतीयेला आपल्याकडे निंबाच्या फांदीला बांधलेला झोका घरोघरच्या मुलींनी अनुभवलेला असतो, आणि झोक्याची लय बसणाऱ्याच्या वजनावर ठरत नाही हेही अगदी बरोबर आहे. चूक दाखल्याच्या निवडीत आहे. झोक्याला मधल्या जागी परत ओढणारे बल गुरुत्वाकर्षणाचे असते आणि ते वजनाच्या प्रमाणातच वाढते. वजन दुप्पट झाले की ओढही दुप्पट होते, म्हणून दोन्ही बाजूंची बरोबरी होऊन लय तीच राहते. धातूच्या स्फटिकातील अणूला त्याच्या जागी परत आणणारे बल विद्युत स्वरूपाचे असते. ते अणुकेंद्रकाच्या विद्युतभारावर आणि भोवतालच्या इलेक्ट्रॉनांवर ठरते. केंद्रकात दोन न्यूट्रॉन वाढल्याने ते वाढत नाही. ओढ तेवढीच आणि वजन मात्र जास्त, अशी स्थिती झाली की कंपन मंदावते. यासाठी योग्य दाखला हवा असेल तर रावेर-यावलकडे केळी भरायला निघालेला ट्रक पाहावा. रिकामा असताना रस्त्यातील खड्ड्यावर तो आपल्या पाट्यांवर, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगांवर, भराभर उसळतो. तोच ट्रक केळीने भरून निघाला की त्याचे हेलकावे संथ होतात, कारण पाट्यांचा ताठपणा बदललेला नसतो, फक्त वजन वाढलेले असते. पाट्यांवरच्या वजनाची कंपनसंख्या वस्तुमानाच्या वर्गमूळाच्या व्यस्त प्रमाणात असते, आणि स्फटिकातील अणूंचीही तशीच असते. हे वर्गमूळ ध्यानात ठेवावे, कारण पुढे पाऱ्याच्या मोजमापात नेमके तेच सापडते.

कामरलिंग ओनस यांचा उल्लेख संदेशात खरा आहे, पण अपुरा आहे. १९२० नंतरच्या काळात लायडेन येथे साधे शिसे आणि युरेनियमच्या खनिजातून मिळालेले शिसे यांची तुलना झाली होती व फरक आढळला नव्हता. साध्या शिशाचे सरासरी अणुवस्तुमान २०७.२ आहे, तर युरेनियमच्या ऱ्हासातून बनलेल्या शिशाचे २०६ च्या जवळ असते. शिसे ७.२ केल्विनला अतिसंवाहक होते. आज ज्ञात असलेल्या नियमाने हिशेब केला तर या दोन नमुन्यांच्या तापमानांत केल्विनच्या सुमारे दोन शतांशांचाच फरक यायला हवा, आणि एवढा फरक त्या काळच्या मोजमापाच्या पकडीत येणे फार कठीण होते. जाळीच्या भोकांपेक्षा लहान मासळी जाळ्यात आली नाही, म्हणून नदीत मासळी नाही असे तापीकाठचा कोणताही कोळी म्हणणार नाही. मधल्या काळात परिस्थिती बदलली ती समस्थानिके वेगळी करण्याच्या तंत्रामुळे. दुसऱ्या महायुद्धात अणुबॉम्बच्या कार्यक्रमासाठी हे तंत्र मोठ्या प्रमाणावर उभे राहिले, आणि युद्धानंतर एकाच मूलद्रव्याचे हलके व जड नमुने प्रयोगशाळांना मिळू लागले.

आता १९५० च्या प्रयोगांकडे येतो, कारण संदेशातील सर्वांत गंभीर आरोप त्यांच्यावर आहे. अमेरिकेत इमॅन्युएल मॅक्सवेल यांनी नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये, आणि रेनॉल्ड्स, सेरिन, राइट व नेस्बिट यांनी रटगर्स विद्यापीठात, एकमेकांपासून स्वतंत्रपणे पाऱ्याच्या समस्थानिकांवर मोजमापे केली आणि दोन्ही ठिकाणी एकच कल दिसला : पारा जितका हलका, तितके त्याचे संक्रमण तापमान, म्हणजे ज्या तापमानाला तो अतिसंवाहक होतो ते, जास्त. मॅक्सवेल यांच्याजवळचा पारा कोठून आला, हे सोन्याच्या बाजारासाठी ओळखल्या जाणाऱ्या जळगावच्या वाचकांना विशेष रुचेल. निसर्गात सोन्याचे एकच स्थिर समस्थानिक आहे, १९७ वस्तुमानांकाचे. त्यावर न्यूट्रॉनांचा मारा केला की सोने-१९८ बनते. त्याचा अर्धायुकाल सुमारे २.७ दिवसांचा असून त्याच्या ऱ्हासातून पारा-१९८ तयार होतो. पारा सोन्यातून ऊर्ध्वपातनाने वेगळा काढता येतो. म्हणजे हा नमुना जवळजवळ संपूर्णपणे एकाच समस्थानिकाचा होता.

अशुद्धतेचा आरोप तपासण्याचा मार्ग सोपा आहे. अशुद्धता प्रत्येक नमुन्यात वेगवेगळी आणि योगायोगाने आलेली असते. तिच्यामुळे तापमान कधी वर तर कधी खाली सरकेल, परंतु वस्तुमानाच्या वर्गमूळाशी ते हिशेबाने जुळणार नाही. रटगर्सच्या नमुन्यांत सरासरी अणुवस्तुमान १९९.५ वरून २०३.४ पर्यंत वाढले, तेव्हा संक्रमण तापमान ४.१८५ केल्विनवरून ४.१४६ केल्विनवर उतरले. विद्यार्थ्यांनी मोबाइलमधला कॅल्क्युलेटर घ्यावा आणि तापमानाला वस्तुमानाच्या वर्गमूळाने गुणावे. पहिल्या नमुन्यासाठी उत्तर ५९.११ येते आणि दुसऱ्यासाठी ५९.१३. दहा हजारांत तीन-चार भागांच्या फरकाने दोन्ही गुणाकार जुळतात. ट्रकच्या पाट्यांचे वर्गमूळ येथे पाऱ्याच्या अतिसंवाहकतेत दिसते आहे, आणि असे जुळणे अशुद्धतेतून निघत नाही.

मोजमापातील चुकीबद्दलही तेच. ०.०३९ केल्विन हा आकडा ऐकायला अगदी क्षुल्लक वाटतो, विशेषतः मे महिन्यात ४५ अंश सेल्सिअस, म्हणजे ३१८ केल्विन, सोसणाऱ्या भुसावळकरांना. पण त्या काळी इतके कमी तापमान द्रव हेलियमच्या बाष्पदाबावरून काढत असत, आणि ४.२ केल्विनच्या आसपास हा दाब तापमानानुसार फार झपाट्याने बदलतो. ०.०३९ केल्विनच्या फरकासाठी दाबमापकातील पाऱ्याचा स्तंभ सुमारे अडीच सेंटिमीटर सरकतो, आणि एवढे सरकणे नुसत्या डोळ्यांनाही दिसते. पुढे कथिलावरही हीच मोजमापे झाली. कथिलाला दहा स्थिर समस्थानिके असल्याने तेथे तुलनेला अधिक वाव होता, आणि निष्कर्ष बदलला नाही. एवढेच नव्हे, तर अतिसंवाहकता मोडून काढण्यासाठी लागणारे चुंबकीय क्षेत्रही जड समस्थानिकात त्याच प्रमाणात कमी भरते. दोन निराळ्या राशी एकाच नियमाने बदलत असतील, तर चुकीचे कारण पुढे करणाऱ्याने ती चूक दोन्हीकडे एकसारखी कशी झाली हे सांगायला हवे.

मग इलेक्ट्रॉनांच्या या घटनेत अणूचे वजन येते कोठून? धातूच्या स्फटिकातून एक इलेक्ट्रॉन जाताना भोवतालचे धन आयन, म्हणजे इलेक्ट्रॉन सुटून धनभारित झालेले अणू, किंचित आपल्याकडे ओढून घेतो. आयन जड असतात, त्यामुळे इलेक्ट्रॉन पुढे निघून गेल्यावरही ते क्षणभर एकवटलेले राहतात, आणि तेथे तयार झालेल्या धनभाराच्या गर्दीकडे दुसरा इलेक्ट्रॉन ओढला जातो. एरवी एकमेकांना दूर लोटणारे दोन इलेक्ट्रॉन अशा रीतीने स्फटिकाच्या कंपनाच्या मध्यस्थीने जोडीला येतात. हर्बर्ट फ्रोलिश यांनी १९५० सालीच, पाऱ्यावरील प्रयोगांची माहिती नसताना, अशी मध्यस्थी सिद्धान्तरूपाने मांडली होती. १९५७ साली बार्डीन, कूपर आणि श्रिफर यांनी जो पूर्ण सिद्धान्त दिला, त्यात संक्रमण तापमान स्फटिकाच्या कंपनसंख्येच्या प्रमाणात येते आणि कंपनसंख्या वस्तुमानाच्या वर्गमूळाच्या व्यस्त प्रमाणात. या कार्यासाठी तिघांना १९७२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. वीज इलेक्ट्रॉनच वाहतात हे संदेशातील वाक्य खरेच आहे. त्यांची जोडी जमवणारे मात्र आयन आहेत, आणि संदेशात नेमका त्यांचाच विसर पडला आहे.

रुथेनियमचा मुद्दा या सगळ्यात मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण त्याचे उत्तर देताना विषय खरोखर खोलवर समजतो. तापमान वस्तुमानाच्या ज्या घातांकाने उतरते तो पाऱ्यात ०.५०, शिशात ०.४९, कथिलात ०.४७ आणि जस्तात ०.४५ च्या आसपास मोजला गेला आहे. मॉलिब्डेनममध्ये मात्र तो सुमारे ०.३३, ऑस्मियममध्ये ०.१५ आणि रुथेनियममध्ये शून्याच्या जवळ आहे. संदेश यावरून नियमच खोटा ठरवतो. वास्तविक या जोडीत दोन बले एकाच वेळी काम करतात : आयनांमार्फत होणारे आकर्षण आणि इलेक्ट्रॉनांचे आपसातील थेट प्रतिकर्षण. आकर्षण उशिराने पोहोचते, तोवर पहिला इलेक्ट्रॉन दूर गेलेला असतो, म्हणून प्रतिकर्षणाची धार बोथट होते. आयन जितके जड, तितका हा उशीर मोठा आणि प्रतिकर्षण तितके अधिक बोथट. म्हणजे वस्तुमान वाढल्याने एका बाजूने तापमान उतरते आणि दुसऱ्या बाजूने थोडे सावरते. पाऱ्यात आणि शिशात आकर्षण इतके प्रबळ आहे की हे सावरणे जाणवत नाही. रुथेनियममध्ये दोन्ही परिणाम जवळजवळ एकमेकांना पुसून टाकतात. जमाखर्चाची बाकी शून्य आली म्हणजे व्यवहारच झाला नाही, असे कोणताही हिशेबनीस मानत नाही. पॅलेडियमच्या हायड्राइडात, म्हणजे पॅलेडियम व हायड्रोजन यांच्या संयुगात, तर याहून वेगळे घडते. हायड्रोजनच्या जागी त्याचेच दुप्पट जड समस्थानिक ड्युटेरियम घातले की संक्रमण तापमान सुमारे ९ केल्विनवरून ११ केल्विनवर चढते, कारण इतक्या हलक्या अणूचे कंपन ठरावीक पाट्यासारखे राहत नाही आणि वस्तुमानाबरोबर बंधाचा ताठपणाही बदलतो. येथे परिणाम उलट दिशेने आहे, पण आहे; आणि संदेशाचे म्हणणे तर परिणाम मुळीच नसतो असे होते.

शेवटचा मुद्दा उपयोगाचा. २००१ साली मॅग्नेशियम डायबोराइड हे ३९ केल्विनला अतिसंवाहक होते असे जपानमध्ये आढळले, तेव्हा पहिला प्रश्न हाच होता की हे नेहमीच्या कंपनांमुळे घडते की काही वेगळ्याच कारणाने. त्याच वर्षी बोरॉन-११ च्या जागी बोरॉन-१० घेऊन पाहिले गेले, तापमान ३९.२ वरून ४०.२ केल्विन झाले, मॅग्नेशियमचे समस्थानिक बदलल्याने मात्र जवळजवळ काहीच झाले नाही. बोरॉनच्या थराची कंपने हेच कारण आहे, हे अशा रीतीने अल्पावधीत कळले. २०१५ साली प्रचंड दाबाखाली हायड्रोजन सल्फाइडमध्ये २०३ केल्विनपर्यंत अतिसंवाहकता मिळाली, तेव्हाही ड्युटेरियम घालून तापमान पन्नासएक केल्विनने उतरते हे पाहूनच तिचे कारण निश्चित केले गेले.

एमआरआय यंत्रांबद्दल सांगायचे, तर जळगाव-धुळ्याच्या रुग्णालयांतील द्रव हेलियमवर चालणाऱ्या यंत्रांत नायोबियम-टायटॅनियमच्या अतिसंवाहक तारा असतात, आणि नायोबियमचे स्थिर समस्थानिक एकच आहे, ९३ वस्तुमानांकाचे. त्यामुळे नायोबियमपुरता तेथे निवडीला वावच नाही. हलक्या समस्थानिकाने तापमान फारसे वाढवताही येत नाही : पाऱ्याचे सर्वांत हलके स्थिर समस्थानिक, १९६ वस्तुमानांकाचे, घेतले तरी वरच्याच नियमाने उत्तर ४.२२ केल्विनच्या पुढे जात नाही.