खरे गरीब शोधून द्या म्हणे

२०२५च्या जानेवारीत महाराष्ट्र सरकारने शालेय पोषण आहारातल्या अंड्याचा निधी बंद केला, तेव्हापासून आमच्या घरच्या ग्रुपवर हा विषय अधूनमधून निघतोच. आणि दर वेळी दादाचं, म्हणजे पुण्यातल्या माझ्या चुलतभावाचं, एकच म्हणणं असतं की शाळा म्हणजे काय अन्नछत्र आहे का, ऐपत आहे त्यांनी डबा द्यावा, खरे गरीब असतील ते शोधून त्यांना द्या, बाकीच्यांना कशाला. परवा परत तेच. वर मला टोमणा, तुला अमेरिकेत, मिनेसोटात बसून काय कळणार.

कळतं दादा. खरे गरीब शोधायचा उद्योग पाऊणशे वर्षांहून जास्त काळ करणाऱ्या देशात राहतोय मी.

इथला शाळेतल्या जेवणाचा कायदा १९४६चा. घरात माणसं किती, कोण किती कमावतं, आठवड्याला की महिन्याला, सोशल सिक्युरिटी नंबरचे, म्हणजे इथल्या सरकारी ओळख क्रमांकाचे, शेवटचे चार आकडे, सगळं फॉर्मवर लिहून द्यायचं. दारिद्र्यरेषेच्या १३० टक्क्यांपर्यंत कमाई असेल तर जेवण फुकट, १८५ टक्क्यांपर्यंत सवलतीत, म्हणजे दुपारच्या जेवणाचे जास्तीत जास्त ४० सेंट. कागदावर एकदम चोख. पण फॉर्म भरतं कोण? इंग्रजी नीट न येणारी आई सरकारी कागद बघूनच घाबरते, दोन शिफ्ट करणाऱ्या बापाच्या तो बॅगेतच राहतो, आणि हायस्कूलची पोरं हक्क असूनही कोणी बघेल म्हणून लंचला जात नाहीत, चिप्सवर दिवस काढतात.

आणि आमच्यासारखे असतात. हे मी इथल्या मराठी मंडळात कोणाला सांगितलेलं नाही, आईला तर नाहीच. डिसेंबर २०२२मध्ये माझी नोकरी गेली. कोविडमधलं सरसकट फुकट जेवण त्याच जूनमध्ये बंद झालं होतं. बायको म्हणाली फॉर्म भर, आत्ताची कमाईच बघतात, आणि आत्ता आपली कमाई शून्य आहे. मी नाही भरला. तिला सांगितलं ग्रीनकार्डाच्या भानगडीत नको काही सरकारी मदत वगैरे. खरं तर त्या फॉर्मवर व्हिसाचं काही विचारतच नाहीत, आणि हे मला माहीत होतं. मला लाज वाटत होती एवढंच. शाळेच्या ऑफिसातली जी बाई फॉर्म वाचणार ती मला नावाने ओळखते, मी तिथे दिवाळीचं प्रेझेंटेशन दिलेलं, कुर्ता घालून.

सात आठवडे पोरीने पोळीचा रोल नेला. पिझ्झाच्या शुक्रवारी विचारायची, बाबा माझ्या लंचच्या अकाउंटमध्ये पैसे नाहीत का. मी म्हणायचो शाळेतलं चांगलं नसतं गं. खोटं बोललो. आणि दादा, सरकारच्या हिशेबात ती त्या सात आठवड्यांत गरज नसलेली, घरून डबा आणणारी मुलगी होती. अशा पोरांना तू कुठल्या यादीत शोधणार आहेस?

मार्च २०२३मध्ये आमच्या राज्याने कायदा केला आणि सप्टेंबरपासून सगळ्यांना सकाळचा नाश्ता आणि दुपारचं जेवण फुकट. पोरगी पिन दाबते, ट्रे घेते, बसते. पोरं अंदाजापेक्षा जास्त जेवायला लागली, त्यामुळे खर्चही अंदाजाबाहेर गेला, आणि पॉटलकला आपलीच माणसं म्हणतात की तळ्याकाठच्या श्रीमंत घरवाल्यांच्या पोरांना आमच्या टॅक्समधून कशाला. दादाचंच वाक्य, फक्त डॉलरमध्ये. अरे, ती पोरं रांगेत आहेत म्हणून तर बाकीच्यांना रांगेत उभं राहता येतं!

आपल्याकडे सरकारी आणि अनुदानित शाळेत पहिली ते आठवीच्या प्रत्येक पोराला जेवण आहे, बापाचा पगार विचारत नाहीत. सुप्रीम कोर्टाने २००१मध्येच सांगितलं शिजवलेलं अन्न द्या, तामिळनाडूने तर त्याच्याही कितीतरी आधी सुरू केलं होतं. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांना हे अजून जमलेलं नाही आणि तुम्ही घरबसल्या ते मोडायला निघालात. अंडं न खाणाऱ्याला केळं मिळतच होतं. आता म्हणे ज्या शाळांना अंडी द्यायचीत त्यांनी लोकसहभागातून पैसे उभे करावेत, म्हणजे जिथे गाव गरीब तिथलीच पोरं बिनअंड्याची. इथे प्रत्येक लंचला दूध ठेवावंच लागतं, ते कोणी गावाच्या वर्गणीवर नाही टाकत.

मला माहितीये, तिकडून कोणी हे वाचलं की म्हणणार हा डॉलर कमावतो आणि आम्हाला शिकवतो. म्हणा. पण पोषण आहाराच्या बातम्या मी इथल्या बातम्यांआधी वाचतो, आणि त्याचं कारण ग्रुपवर लिहायला सुरुवात करून दोनदा पुसलं.

दादा, ९६-९७ साली आपल्या झेडपी शाळेत ८० टक्के हजेरी भरली की महिन्याला ३ किलो तांदूळ मिळायचा. मी दुसरीत, तू चौथीत. आपल्या दोघांचा मिळून सहा किलो एकाच पिशवीत, एक बंद तुझ्या हातात, एक माझ्या. रस्त्याने सगळीच पोरं तशी पिशवी घेऊन निघायची, त्यामुळे कोणाच्या घरी काय चाललंय ते कोणाला दिसायचं नाही. मला तर वाटायचं शाळेने बक्षीस दिलंय. आई आत्ता कुठे मागच्या सुट्टीत बोलली, की त्या पावसाळ्यात आपल्या घरात विकतचा तांदूळ आलाच नव्हता. आजी ओटीवर बसून निवडायची ना, तो तोच.