मँचेस्टरच्या छपराविषयी बोलताना पाळावयाची पथ्ये

गोव्यातील एखाद्या गावात राहून मँचेस्टर युनायटेडच्या नियोजित स्टेडियमविषयी अधिकारवाणीने बोलायचे असेल, तर काही पथ्ये पाळावी लागतात. ती ठाऊक नसल्यामुळे अनेक होतकरू रसिकांची चारचौघांत फजिती होते, आणि ती टळावी एवढ्याच सद्हेतूने हे मार्गदर्शन लिहीत आहे. गेल्या रविवारी आमच्या गावच्या क्लबची वार्षिक सभा झाली. विषयपत्रिकेवर कपडे बदलण्याच्या खोलीचे गळके छप्पर, गोलामागची फाटलेली जाळी आणि मैदानाच्या जमिनीचे कागद असे तीन किरकोळ विषय होते. प्रत्यक्षात चर्चा झाली ती मँचेस्टरच्या छपराची, आणि तिचा दर्जा इतका उच्च होता की तिचा लाभ इतर गावांनाही मिळायला हवा, असे मला मनापासून वाटले.

सर्वप्रथम आकडे पाठ करावेत. आराखडा ११ मार्च २०२५ रोजी जाहीर झाला, तो वास्तुरचनाकार नॉर्मन फॉस्टर यांच्या संस्थेने तयार केला, स्टेडियमात एक लाख प्रेक्षक बसतील, खर्च दोन अब्ज पौंडांच्या घरात जाईल, दोनशे मीटर उंचीचे तीन मनोरे भले मोठे छत्र तोलून धरतील, आणि बांधकामाचे एकशे साठ भाग तयार करून कालव्यातून आणल्यामुळे काम पाच वर्षांत उरकेल, हे सर्व एका दमात म्हणता आले पाहिजे. एवढा पैसा कोठून येणार हे आराखडा जाहीर करणाऱ्यांनीच स्पष्ट केले नव्हते, तेव्हा तुम्हीही त्या फंदात पडू नये. आमच्या सभेत एका तरुण सभासदाने ही सगळी माहिती हातात चिटोराही न धरता सांगितली. त्याच सभासदाला खजिनदारांनी क्लबची वार्षिक वर्गणी किती आहे असे विचारले, तेव्हा असले तपशील कार्यकारिणीने पाहायचे असतात, असे उत्तर त्याने दिले.

छत्राला सर्कशीचा तंबू म्हणायचे की अभियांत्रिकीचा चमत्कार, हे घरूनच ठरवून निघावे.

जुने पाडून नवे बांधावे की जुन्याचीच डागडुजी करावी, हा वाद निघाला की वारशाची बाजू घेणे केव्हाही शोभून दिसते. ओल्ड ट्रॅफर्ड १९१० साली उभे राहिले, आर्चिबाल्ड लीच यांनी त्याची रचना केली, आणि पहिल्याच सामन्यात लिव्हरपूलने युनायटेडला ४–३ असे हरवले, हे सांगताना आवाज किंचित खाली आणावा. १९४१ साली जर्मन बॉम्बनी ते उद्ध्वस्त केले आणि १९४९ साली तेथे पुन्हा खेळ सुरू होईपर्यंत क्लबला प्रतिस्पर्धी मँचेस्टर सिटीच्या मैदानावर पाहुण्यासारखे राहावे लागले, येथे एक सुस्कारा सोडण्यास हरकत नाही. वारशाचे हे दुःख परगावच्या वास्तूंसाठी राखून ठेवावे. पाच वेळा देशाचा विजेता ठरलेला गोव्याचा धेंपो क्लब २०१६ साली साळगावकर आणि स्पोर्टिंग या इथल्याच क्लबांसह आय-लीग या राष्ट्रीय स्पर्धेतून बाहेर पडला, तेव्हा आमच्या गावात कोणाचा घास अडल्याचे मला आठवत नाही. आमच्या स्वतःच्या मैदानावर पहिली स्पर्धा कशी भरली, गोलाचे खांब कोणाच्या बागेतील माडांचे होते, हे सांगू शकणारे एक वयोवृद्ध सभासद परवाच्या सभेत शेवटच्या खुर्चीवर बसले होते. त्यांनी बोलण्यासाठी दोनदा हात वर केला, परंतु सभेजवळ तेवढा वेळ नव्हता.

गळतीचा विषय निघाला की भ्रमणध्वनी बाहेर काढावा. मे २०२४ मध्ये आर्सेनलबरोबरच्या सामन्याच्या दिवशी ओल्ड ट्रॅफर्डच्या छपरातून पाण्याचा लोट प्रेक्षकांच्या खुर्च्यांवर कोसळला होता, त्याची चित्रफीत आमच्याकडे तिघांनी आळीपाळीने दाखवली आणि एवढ्या श्रीमंत क्लबला हे शोभते काय, असा खडा सवाल सर्वांनी मिळून केला. ज्या खोलीत बसून हा सवाल केला, त्या खोलीतील आढ्याखालचा वासा कुजलेला आहे, चार कौले माकडांनी फोडली आहेत, आणि पावसाळी स्पर्धेत आमचा गोलरक्षक एका खांद्यावर छत्री टेकवून बुटांच्या नाड्या बांधतो. त्याच्याकडे कोणी पाहू नये. त्यामुळे चर्चेची पातळी घसरते.

तिकिटांच्या दराविषयी मात्र मनसोक्त चिडावे. युनायटेडने २०२४ च्या अखेरीस, हंगाम अर्ध्यावर असताना, सभासदांसाठी उरलेल्या तिकिटांचा दर सहासष्ट पौंड केला आणि मुलांची व वृद्धांची सवलत काढून घेतली, हा अन्याय आहेच. नवे स्टेडियम झाल्यावर तिथल्या कामगार वस्तीतील माणसाला सामना परवडणार नाही, अशी चिंता आमच्या सभेत एका सद्गृहस्थाने व्यक्त केली, तेव्हा त्यांचा कंठ दाटून आला होता. हेच सद्गृहस्थ आमच्या स्पर्धेच्या उपांत्य सामन्याला तीस रुपये वाचवण्यासाठी शेजारच्या अर्धवट बांधलेल्या इमारतीच्या गच्चीवर उभे होते, आणि तेथून पंचाला शिव्या देत होते.

एफसी गोवा या आपल्या व्यावसायिक संघाचे नाव कोणी काढलेच, तर फातोर्ड्याच्या स्टेडियमला गाडी लावायला जागा मिळत नाही, एवढे बोलून विषय मिटवावा.

कोणी फारच चिवटपणे फातोर्ड्यावर अडून बसला, तर त्याला बोलू द्यावे. ते स्टेडियम १९८९ पासून उभे आहे, २०१७ साली तेथे सतरा वर्षांखालील विश्वचषकाचे सामने झाले, आणि २२ ऑक्टोबर २०२५ रोजी रोनाल्डोच्या अल नस्रसारख्या सौदी संघाविरुद्ध गोव्याच्या ब्रायसन फर्नांडिसने तेथे गोल केला व आपण १–२ असे झुंजून हरलो, हे सारे तो सांगेल. त्या रात्रीविषयी तुम्ही एकच गोष्ट लक्षात ठेवावी, ती म्हणजे रोनाल्डो आला नाही.

आता जमिनीविषयी. हे प्रकरण थोडे नाजूक आहे, म्हणून सविस्तर सांगतो. नव्या स्टेडियमसाठी ओल्ड ट्रॅफर्डला लागून असलेला रेल्वे मालवाहतुकीचा तळ हवा आहे, आणि त्याच्या किमतीवरून घोळ चालू आहे, हे आमच्या सभेतील निदान पाच जणांना ठाऊक होते. तो तळ कोणाचा, त्याचे काय मोल व्हावे, मालकाने किती ताणावे, याविषयी त्यांची मते इतकी पक्की होती की प्रत्यक्ष वाटाघाटी करणाऱ्यांनी त्यांना बोलावून घ्यायला हवे. मग मी विचारले की आपल्या मैदानाचा सर्वे नंबर काय आहे. कोणीही बोलले नाही. एक-चौदाच्या, म्हणजे जमिनीच्या हक्कनोंदीच्या उताऱ्यावर कोणाचे नाव आहे, असे मी विचारले. त्यावर एकाने कोमुनिदादचे, म्हणजे गावाच्या सामाईक जमिनी सांभाळणाऱ्या संस्थेचे असेल म्हटले, दुसऱ्याने जुन्या भाटकाराचे, म्हणजे जमीनदाराचे म्हटले, तिसऱ्याने मैदान हे मैदानच असते, त्याला कागद कशाला, असे म्हटले आणि सभा हसली. आपल्या राज्याने २०१२ साली फुटबॉलला राज्य खेळ घोषित केले, परंतु आपली निम्मी मैदाने कोणाच्या तरी तोंडी परवानगीवर चालतात, हे येथे बसलेल्या प्रत्येकाला माहीत आहे, आणि ती परवानगी देणारा माणूस वारला व त्याची मुले परदेशात गेली की काय होते, हेही माहीत आहे. भातकापणी झाल्यावर ज्या शेतांत आपण लहानपणी खेळलो, ती शेते पाहा. मातीचा भराव कधी पडला हे कोणाला दिसले नाही, कारण तो पडताना सगळे घरात दूरचित्रवाणीवर दुसऱ्यांचे गवत पाहत होते. जमिनीचा विभाग बदलू देणारी नगरनियोजन कायद्यातली सतरा-दोन आणि एकोणचाळीस-अ ही कलमे काय करतात, हे गोव्यात आता शाळेतल्या मुलालाही सांगावे लागत नाही. तरीही पंचायतीच्या फलकावर आपल्या मैदानालगतच्या तुकड्याविषयी सूचना लागली, ती पावसात भिजून गळून पडली, आणि ती वाचणारा माणूस एकच निघाला, तोही पंचायतीत घरपट्टी भरायला गेलेला. त्या महिन्याच्या ग्रामसभेत गणपूर्तीसाठी अर्धा तास वाट पाहावी लागली. तेवढा वेळ आपले फुटबॉलप्रेमी रस्त्यापलीकडच्या गाड्यावर रस-ऑम्लेट खात मँचेस्टरचा बचावपटू विकावा की ठेवावा, यावर वाद घालत होते. त्यांचा आवाज सभागृहात ऐकू येत होता.

यावर उपाय काय, असे कोणी विचारले, तर निषेधाचा ठराव मांडावा. तो मंजूर करून इतिवृत्तात लिहून ठेवावा, आणि इतिवृत्ताची वही त्याच गळक्या खोलीत ठेवावी.

एवढ्यावर थांबावे असा विचार होता, परंतु आता ही सोंगे पुरे झाली आणि सरळच बोलतो. मँचेस्टरवर प्रेम करायला माझी काडीचीही हरकत नाही. ते प्रेम खोटे आहे, असेही मी म्हणणार नाही, कारण रात्री दहाला सुरू होणारा सामना पाहून सकाळी सहाच्या पाळीला जाणारी मुले मी पाहिली आहेत. पण ज्यांच्या नावाने तुम्ही गळा काढता, ते मँचेस्टरचे लोक काय करतात, हे तुम्ही कधी पाहिले आहे काय? अमेरिकेतल्या ग्लेझर कुटुंबाने २००५ साली कर्ज काढून क्लब घेतला आणि ते कर्ज क्लबच्याच डोक्यावर टाकले, तेव्हा तिथल्या चिडलेल्या रसिकांपैकी काहींनी घरी बसून चडफडत राहण्याऐवजी एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर नावाचा स्वतःचा क्लब काढला. तो क्लब सभासदांच्या मालकीचा आहे आणि प्रत्येकाला एकच मत आहे. दहा वर्षे त्यांनी दुसऱ्यांच्या मैदानांवर खेळून काढली, वर्गण्या आणि समभाग गोळा केले, नगरपालिकेशी वाटाघाटी केल्या, एक जागा हातची गेली तेव्हा दुसरी शोधली, आणि २०१५ साली मॉस्टन भागात ब्रॉडहर्स्ट पार्क हे छोटेसे मैदान उभे केले. जे मूळ क्लब सोडून गेले नाहीत, ते आजही ओल्ड ट्रॅफर्डच्या दारात उभे राहून तिकिटांच्या दराविरुद्ध घोषणा देतात. तुम्ही त्यांची जर्सी घेतलीत, त्यांच्या घोषणा पाठ केल्यात, आणि त्यांचे भांडण तेवढे तिथेच ठेवून आलात.

लाज वाटायला हवी. दोन हजारांची जर्सी अंगावर घालून शंभर रुपयांच्या वर्गणीसाठी खजिनदाराला चार वेळा दारी बोलावता. मुलाला महिन्याची फी भरून अकादमीत घालता, पण तो जिथे पहिल्यांदा चेंडूला लाथ मारायला शिकला, त्या मैदानावर जत्रेच्या गाड्या लावू नका, असे देवस्थान समितीला सांगायची तुमची छाती होत नाही. मैदान गेले की सर्वांत मोठ्याने तुम्हीच रडणार आहात, आणि मला ते रडणे ऐकायचे नाही.

या रविवारी सकाळी साडेदहाला ग्रामसभा आहे. युनायटेडचा सामना रात्री आहे, तेव्हा ती सबब चालणार नाही. मैदानाच्या उत्तर कोपऱ्यात, जेथून आपली मुले कॉर्नर घेतात, तेथे चिऱ्यांचे दोन ढीग पडले आहेत. ते कोणाचे आहेत, हे सभेत कोणालाच ठाऊक नसल्याचे सांगण्यात आले. ट्रक मागे घेताना हात दाखवून वाट देणारे दोघे जण त्या सभेत पुढच्या रांगेत बसले होते, आणि दोघांनीही लाल जर्सी घातली होती.