१९३१ चे गुन्हेगारीपट दोनच? मग 'सिटी स्ट्रीट्स' कुठे गेला?

सिनेमाप्रेमींमध्ये एक विधान सतत फिरत असतं : 'सुरुवातीच्या बोलपटांत कॅमेरा जागचा हलत नसे आणि ध्वनी म्हणजे नुसते संवाद. १९३१ चे "लिटल सीझर" आणि "द पब्लिक एनिमी" पाहिले की पुरे. त्या काळच्या बाकीच्या गुन्हेगारीपटांत निव्वळ गोळीबार, आणि बायका शोभेपुरत्या.' मला यातलं फार थोडं मान्य आहे. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये पॅरामाउंटचा 'सिटी स्ट्रीट्स' आला. कथा डॅशिएल हॅमेटची, दिग्दर्शक रूबेन मामुलियन. तो पाहिलेला माणूस असं बोलणारच नाही.

कॅमेऱ्याची घरघर माईकमध्ये शिरू नये म्हणून तो कोठडीत कोंडत, हे खरं. पण ते दिवस लवकर सरले, आणि मामुलियननं तर १९२९ च्या 'अप्लॉज'मध्येच कॅमेरा फिरवून दाखवला होता.

गोळीबाराचं म्हणाल, तर दारूबंदीच्या काळातल्या चोरट्या बिअरच्या धंद्यावरच्या या सिनेमात माणसं भराभर मरतात, तरी एकही खून थेट दाखवलेला नाही. एकाचा काटा काढलाय हे आपल्याला कळतं ते पाण्यावर तरंगणाऱ्या त्याच्या हॅटवरून. मला हे दहा गोळ्यांपेक्षा भयंकर वाटतं.

ध्वनीचा मुद्दा तर सपशेल चूक. सावत्र बापानं केलेल्या खुनापायी नॅन (सिल्विया सिडनी) तुरुंगात जाते. रात्री ती कोठडीत पडलेली असते. पडद्यावर तिचा चेहरा, ओठ मिटलेले, आणि आपल्या कानांवर येतात आधी झालेल्या बोलण्यातली वाक्यं, एकामागून एक. मनातला आवाज असा ऐकवणं आज मालिकांतही चालतं. पण मुंबईत 'आलम आरा' लागून जेमतेम महिना झाला होता, तेव्हाची ही गोष्ट! ऐकू येणाऱ्या आवाजाचा माणूस समोर बोलताना दिसलाच पाहिजे, ही समजूत मामुलियननं तिथे मोडून काढली.

राहिल्या बायका. जत्रेतल्या नेमबाजीच्या स्टॉलवर काम करणाऱ्या 'किड'नं (गॅरी कूपर) टोळीत शिरून पैसा करावा, असं आधी नॅनलाच वाटत असतं. तुरुंगात तिचे डोळे उघडतात, आणि तिला सोडवायच्या आशेनं तो मात्र त्याच टोळीत शिरतो. त्याचं हे बदलणं जरा घाईत उरकलंय, हे मान्य. पण कथा हलते ती नॅनच्या निर्णयांवर. आणि टोळीच्या म्होरक्याला अखेर गोळी घालते ती त्यानं झिडकारलेली ॲग्नेस.