"१२ महिन्यांत अमेरिकेत नर्स" वाला मेसेज पुढे ढकलण्याआधी हे वाचा

महिनाभरात हा एकच मेसेज मला चार जणांनी पाठवलाय. आत्याने नाशिकहून, कॉलेजच्या ग्रुपवरच्या दोघींनी, आणि परवा तर इथल्या न्यू जर्सीच्या आमच्या भिशीच्या ग्रुपवर पण येऊन पडला. मजकूर थोडक्यात असा: "कुठलीही डिग्री चालेल, १२ महिन्यांत अमेरिकेत रजिस्टर्ड नर्स, सगळं घरबसल्या ऑनलाइन, फी हॉस्पिटल भरतं, सुरुवातच लाख डॉलरने, मागोमाग ग्रीन कार्ड. फार डोकं लागत नाही, प्रेमळ स्वभाव हवा. गृहिणींसाठी सुवर्णसंधी!!" आणि खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग.

मी स्वतः हेच केलंय. पुण्यातून कॉम्प्युटर इंजिनिअरिंग, मग अकरा वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंग, आणि चाळिशीत ॲक्सिलरेटेड बीएसएन, म्हणजे आधीची एक डिग्री आहे त्यांच्यासाठीची नर्सिंगची दुसरी, घाईतली डिग्री. तेव्हा माझं भांडण कोर्सशी नाहीये, ह्या मेसेजशी आहे.

"कुठलीही डिग्री चालेल" हे खरंय. हा प्रकार काही नवा पण नाही, सेंट लुई युनिव्हर्सिटीने १९७१ मध्ये सुरू केला, आज अमेरिकेत जवळजवळ सगळीकडे मिळतो. बी.कॉम. चालतं, बी.ए. मराठी पण चालेल. पण आधी त्या डिग्रीचं विषयवार इव्हॅल्युएशन करून घ्यायचं, आणि मग येतात प्रीरिक्विझिट्स, म्हणजे कोर्सच्या आधी पूर्ण करायचे विषय, ज्यांचा मेसेजमध्ये पत्ताच नाही. ॲनाटॉमी-फिजिऑलॉजी दोन सेमिस्टर लॅबसकट, मायक्रोबायॉलॉजी लॅबसकट, केमिस्ट्री, स्टॅटिस्टिक्स, न्यूट्रिशन, सायकॉलॉजी, कॉलेजनुसार थोडं इकडेतिकडे. बऱ्याच कॉलेजांना सायन्सचे विषय गेल्या पाच-सात वर्षांतलेच लागतात, त्यामुळे माझं २००१ सालचं केमिस्ट्री शून्य धरलं गेलं. मी हे सगळं कम्युनिटी कॉलेजात संध्याकाळी केलं, नोकरी सांभाळून, दोन वर्षं लागली. ॲनाटॉमीच्या लॅबमध्ये मांजर फाडायला होतं. मी घरात अंडंसुद्धा न शिजवणारी बाई, पहिल्या दिवशी नुसती कडेला उभी राहिले, आणि तिसऱ्या आठवड्यात त्याच मांजराची स्नायूंची नावं पाठ म्हणत होते! घरी आल्यावर मुलगा म्हणायचा आई तुझ्या केसांना वास येतोय.

म्हणून "१२ महिने" ला माझा हिशोब ऐका. प्रीरिक्विझिट्स २४ महिने, ॲडमिशनची वाट बघण्यात ५, कोर्स १५, मग एनक्लेक्स, म्हणजे नर्सच्या लायसन्ससाठीची परीक्षा, आणि लायसन्स होईपर्यंत ३. एकूण ४७, चार वर्षांना एक महिना कमी. कोर्स ११-१२ महिन्यांचे पण असतात, मान्य, पण तो नुसता कोर्स. ज्यांचं बायॉलॉजी ताजं आहे त्यांचा वेळ वाचतो, आपल्यातल्या आयटीवाल्यांचा नाही.

"घरबसल्या ऑनलाइन". थिअरी ऑनलाइन असू शकते, पण स्किल्स लॅब आणि क्लिनिकल्स, म्हणजे हॉस्पिटलातलं पेशंटबरोबरचं काम, प्रत्यक्षच करावी लागतात, सुई झूमवर टोचता येत नाही. कोणी म्हणत असेल हजर न राहता डिग्री देतो तर लांब पळा. २०२३ च्या जानेवारीत फ्लोरिडाच्या तीन नर्सिंग स्कूल्सचं प्रकरण बाहेर आलं, ७,६०० पेक्षा जास्त खोट्या पदविका विकल्या गेल्या होत्या आणि २५ जणांवर फेडरल गुन्हे दाखल झाले. कॉलेज बघताना सीसीएनई किंवा एसीईएन ह्या नर्सिंग कोर्स तपासणाऱ्या संस्थांची मान्यता आहे का आणि राज्याच्या नर्सिंग बोर्डाच्या यादीत नाव आहे का, एवढं तरी तपासा.

फी हॉस्पिटल भरतं? काही भरतात, पण बहुतेक आधीपासून तिथे कामाला असलेल्यांची, आणि बदल्यात दोन-तीन वर्षं तिथेच राहायचं लिहून घेतात. खाजगी कॉलेजात ५०-६० हजार डॉलर सहज जातात. सरकारी पेल ग्रँट दुसऱ्या बॅचलर डिग्रीला मिळतच नाही, फेडरल कर्ज मिळू शकतं, ते पण सिटिझन किंवा ग्रीन कार्ड असेल तर. आणि कोर्स चालू असताना नोकरी विसरा. आठवड्याला एक तरी परीक्षा, ७७ च्या खाली गेलं की नापास, आमच्या बॅचमधले सहा जण पहिल्या सेमिस्टरलाच गळले. ते पंधरा महिने घर नवऱ्याच्या पगारावर आणि सासूबाईंच्या पोळ्यांवर चाललं, हे लिहिलं नाही तर मला पाप लागेल.

लाख डॉलरचं बघू. मे २०२४ च्या सरकारी आकड्यांत रजिस्टर्ड नर्सचा मधला पगार वर्षाला ९३,६०० होता, म्हणजे निम्म्या नर्सेसना ह्याहून कमी, आणि त्यात वीस-वीस वर्षं काम केलेल्या पण धरल्यात. शिवाय हा आकडा आठवड्याला ४० तास धरून काढतात. हॉस्पिटलात बारा-बारा तासांच्या तीन शिफ्ट, म्हणजे ३६. ताशी ४५ डॉलरने हिशोब केला तर ८४,२४० होतात. कॅलिफोर्नियात जास्त मिळतात, घरभाडं पण कॅलिफोर्नियाचंच असतं. नवीन माणसाला सहसा नाइट मिळते, संध्याकाळी सात ते सकाळी सात.

आता सगळ्यात घातक ओळ, ग्रीन कार्डची, कारण हिच्यावर विश्वास ठेवून लोक भारतातलं घर गहाण टाकतील. एच४ वर, म्हणजे एच-१बी ह्या कामाच्या व्हिसावाल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर, शिकता येतं, पण कामाला ईएडी, म्हणजे कामाचा परवाना लागतो, आणि तो नवऱ्याचं किंवा बायकोचं आय-१४०, म्हणजे ग्रीन कार्डसाठी कंपनीने केलेला अर्ज, मंजूर झालं असेल तर वगैरे. स्टुडंट व्हिसावर आलात तर नंतर ओपीटीचं, म्हणजे शिक्षणानंतर काम करायच्या परवानगीचं, एकच वर्ष, कारण नर्सिंग स्टेमच्या, म्हणजे सरकारच्या विज्ञान-तंत्रज्ञान विषयांच्या, यादीत नाही, आयटीवाल्यांसारखी जादाची दोन वर्षं नाहीत. साध्या बेडसाइड नर्सला एच-१बी सहसा मिळत नाही, कारण आरएन, म्हणजे रजिस्टर्ड नर्स, व्हायला दोन वर्षांची असोसिएट डिग्री पण पुरते, त्यामुळे बॅचलर लागतेच असं सिद्ध होत नाही. राहिली ईबी-३, नोकरीवरून मिळणाऱ्या ग्रीन कार्डची एक श्रेणी. तिथे नर्सेसना लेबर सर्टिफिकेशनची, म्हणजे ह्या कामाला इथला माणूस मिळत नाही हे दाखवायची, पायरी माफ आहे, एवढ्यावरून "लगेच ग्रीन कार्ड" ही आवई उठते. पण रांग माफ नाही, आणि भारतात जन्मलेल्यांची रांग दहा वर्षांहून मागे आहे. माझं ग्रीन कार्ड नवऱ्याच्या नोकरीतून आधीच आलं होतं, नसतं आलं तर मी ह्या वाटेला गेलेच नसते.

आणि "फार डोकं लागत नाही". ह्यावर मी खरं तर चिडूनच हे लिहायला बसले. दुसऱ्या सेमिस्टरला माझ्याकडे एक आजी होत्या, डायबेटिसच्या, छान गप्पा मारत होत्या. मला विचारलं आज वार कोणता, मी सांगितलं, दोन मिनिटांनी परत तेच विचारलं. मला वाटलं वय झालंय. माझ्या बरोबरच्या नर्सने काही न बोलता त्यांचा हात हातात घेतला, तळवा थंडगार ओला होता, शुगर तपासली तर ५२, म्हणजे फारच खाली. सकाळी इन्सुलिन घेतलेलं आणि नाश्त्याचा ट्रे तसाच पडलेला. ग्लासभर ज्यूस, पंधरा मिनिटांनी परत तपासणी, ८८. मग आजी मला म्हणाल्या, तू अजून इथेच? ट्रे माझ्यासमोर होता, इन्सुलिनची वेळ चार्टवर होती, मला दोन्ही दिसूनही जोडता आलं नव्हतं. एनक्लेक्स पण हेच तपासते, ८५ ते १५० प्रश्न, पाच तास, तुमच्या उत्तरांप्रमाणे पुढचा प्रश्न अवघड-सोपा होत जातो. माझा स्क्रीन ८५ ला बंद झाला, आणि पास का नापास ते कळेना म्हणून मी पार्किंगमध्ये गाडीत बसून रडले. प्रेमळ स्वभाव असलेला बराच, पण आजींची शुगर त्याने वर आली नसती.

आत्याला फोन करून सांगितलंय की वहिनीला एवढ्यात काही बोलू नकोस. भारतात आधीच्या डिग्रीवर असा झटपट कोर्स नाहीच, चार वर्षांचं बी.एस्सी. नर्सिंग पहिल्यापासून करावं लागतं. वहिनी इथे येणारच असेल तर आधी दादाच्या व्हिसाचे कागद आणि तिच्या बी.एस्सी.च्या मार्कशीट मला पाठवा म्हटलं, सालासकट. २०१९ च्या आहेत म्हणे, म्हणजे मायक्रोबायॉलॉजी कदाचित धरतील.