‘एफएसएच वाढले म्हणजे रजोनिवृत्ती आली’: एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येक स्त्रीने दरवर्षी रक्ताची ‘हार्मोन तपासणी’ करून घ्यावी, असे सांगणारा एक संदेश बराच फिरतो. त्यातले दावे थोडक्यात असे: एफएसएच (अंडाशयाला चालना देणारे संप्रेरक, म्हणजे हार्मोन) २५ च्या वर गेले की रजोनिवृत्ती आली असे समजावे, ते मर्यादेत असेल तर होणारा त्रास रजोनिवृत्तीचा नाही, एफएसएच वाढल्यावर गर्भधारणेची शक्यता उरत नाही, एएमएच या तपासणीवरून पाळी कोणत्या वर्षी थांबेल ते कळते, आणि हार्मोन उपचारांची मात्रा रक्तातील इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक मोजूनच ठरवावी. अहवालातला आकडा हा निवाडा असतो, ही समजूत या सगळ्या दाव्यांच्या मुळाशी आहे. रजोनिवृत्तीच्या बाबतीत ती फारशी टिकत नाही.

पहिल्या दाव्यातला २५ हा आकडा हवेतून आलेला नाही. स्त्रीच्या प्रजननकाळाच्या टप्प्यांची जी वर्गवारी २०१२ मध्ये सुधारित रूपात प्रसिद्ध झाली, तिच्यात संक्रमणकाळाच्या, म्हणजे पाळी अनियमित होऊन थांबेपर्यंतच्या काळाच्या, उत्तरार्धासाठी एफएसएच दर लिटरमागे २५ एककांच्या वर असते असे नोंदवलेले आहे. मात्र त्याच वर्गवारीत मुख्य निकष पाळीचा आहे, म्हणजे दोन पाळ्यांमध्ये ६० किंवा त्याहून अधिक दिवसांचा खंड पडू लागणे. एफएसएच हा केवळ पूरक निकष आहे. शिवाय हा आकडा लागू होतो तो पाळी थांबण्याच्या आधीच्या टप्प्याला, आणि संदेश त्यालाच रजोनिवृत्ती ठरवून मोकळा होतो. रजोनिवृत्तीची व्याख्या आजही मागे वळून पाहणारीच आहे: दुसरे काही कारण नसताना सलग १२ महिने पाळी आली नाही, तर शेवटची पाळी ती रजोनिवृत्ती. ती तारीख त्या दिवशी कोणालाच कळत नाही, प्रयोगशाळेलाही नाही.

एफएसएच इतके का हलते, हे समजून घेण्यासारखे आहे. हे संप्रेरक मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी सोडते आणि त्याद्वारे अंडाशयाला बीज वाढवण्याची सूचना देते. अंडाशयातील वाढत्या बीजकोशांतून इन्हिबिन नावाचे द्रव्य उलट दिशेने पिट्युटरीकडे जाते आणि तिला आवर घालते. वयाबरोबर बीजकोश कमी झाले की इन्हिबिन घटते, आवर सुटतो आणि एफएसएच वाढते. पण शिल्लक बीजकोश या वाढलेल्या सूचनेला कधी प्रतिसाद देतात, कधी देत नाहीत, आणि कधी प्रमाणाबाहेर देतात. त्यामुळे या वर्षांत इस्ट्रोजेन उतरत्या जिन्यासारखे एकेक पायरी खाली जाते हे चित्रच चुकीचे आहे. एखाद्या महिन्यात ते पूर्वीपेक्षाही जास्त असते, स्तन दुखतात, अंगावरून खूप जाते, आणि पुढच्या महिन्यात ते तळ गाठते. या महिन्यात ४० आलेले एफएसएच दोन महिन्यांनी ८ येऊ शकते. दोन्ही अहवाल खरे असतात, कारण प्रत्येक अहवाल फक्त त्या सकाळपुरता बोलतो. त्यातच नियमित पाळी असलेल्या स्त्रीचेही एफएसएच चक्राच्या मध्यावर, बीज सुटण्याच्या सुमारास, काही काळ उसळते. रक्त चक्राच्या कितव्या दिवशी घेतले हे अहवालावर लिहिलेलेच नसेल, तर आकड्याचा अर्थ आणखी धूसर होतो.

दुसरा दावा पहिल्याचीच उलटी बाजू आहे, पण तो अधिक त्रासदायक आहे. रात्री घामाने भिजून उठणारी, गरम वाफांनी हैराण झालेली, दीडदोन महिन्यांच्या खंडाने पाळी येणारी ४७ वर्षांची स्त्री अहवाल ‘नॉर्मल’ आला म्हणून परत पाठवली जाते, आणि त्रास मनाचा आहे असे तिला शब्दांत किंवा सुरात सांगितले जाते. ब्रिटनमधील नाइस या संस्थेने २०१५ मध्ये दिलेली मार्गदर्शक सूचना याबाबत स्पष्ट आहे: ४५ वर्षांवरील, एरवी निरोगी स्त्रीमध्ये लक्षणे आणि पाळीतला बदल यांवरूनच निदान करावे, त्यासाठी एफएसएच तपासू नये. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रीत तर ही तपासणी दिशाभूलच करते, कारण इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या एफएसएच दाबून ठेवतात.

मग ही तपासणी निरुपयोगी आहे का? नाही, आणि इथे संदेशाला निम्मे गुण द्यायला हरकत नाही. वय ४० च्या आत असताना पाळी चार महिन्यांहून अधिक काळ थांबली, तर एफएसएच तपासलेच पाहिजे, आणि शंका राहिल्यास चार ते सहा आठवड्यांनी पुन्हा तपासले जाते. अंडाशयाचे काम अकाली मंदावले असेल तर हाडे आणि हृदय यांच्यासाठी बरीच वर्षे उपचार लागतात, त्यामुळे तिथे हा आकडा खरोखर निर्णय बदलतो. ४० ते ४५ या वयात लक्षणे दिसू लागली तरीही डॉक्टर ही तपासणी सांगू शकतात. गर्भाशय काढलेले पण अंडाशय ठेवलेले असतील तर पाळीची खूण उरत नाही, तेव्हाही तिचा काही उपयोग होतो. गफलत आहे ती ‘प्रत्येक स्त्रीने, दरवर्षी’ या शब्दांत.

गर्भधारणेबद्दलचा दावा मात्र सरळ धोकादायक आहे. एफएसएच वाढलेल्या स्त्रीच्या अंडाशयातून पुढच्याच चक्रात बीज सुटू शकते. शक्यता कमी होते, शून्य होत नाही. म्हणूनच शेवटची पाळी पन्नाशीच्या आत आली असेल तर त्यानंतर दोन वर्षे, आणि पन्नाशीनंतर आली असेल तर एक वर्ष गर्भनिरोधन चालू ठेवण्याचा सल्ला दिला जातो.

एएमएचचे थोडक्यात सांगता येते. अंडाशयातील लहान बीजकोशांचा साठा साधारण किती आहे याचा अंदाज त्यावरून येतो, वंध्यत्वाच्या उपचारांत त्याचा उपयोगही होतो. पण एका विशिष्ट स्त्रीची पाळी अमुक वर्षी थांबेल असे सांगण्याइतकी अचूकता त्यात नाही.

उपचारांच्या मात्रेचा दावा वरवर शास्त्रीय वाटतो. साखर मोजून इन्सुलिन ठरते, तसे इस्ट्रोजेन मोजून इस्ट्रोजेन ठरावे, असे कोणालाही वाटेल. परंतु रक्तातील पातळी आणि गरम वाफांची तीव्रता यांचा मेळ नीट बसत नाही. सारख्याच पातळीच्या दोन स्त्रियांपैकी एक शांत झोपते आणि दुसरी रात्रीतून चारदा उठते. त्यामुळे मात्रा ठरते ती लक्षणांवरून आणि दुष्परिणामांवरून. पॅच किंवा जेल पुरेसे वापरूनही काहीच फरक पडत नसेल, तर औषध त्वचेतून शोषले जाते आहे का हे पाहण्यासाठी पातळी मोजली जाते. तो अपवाद आहे.

संदेशात जे लिहिलेले नाही, ते मला अधिक महत्त्वाचे वाटते. या वयात रक्त तपासण्याची चांगली कारणे आहेत, फक्त ती हार्मोन प्रोफाइलमध्ये सापडत नाहीत. थायरॉइड ग्रंथी जास्त चालली तर धडधड, घाम आणि झोपमोड होते, कमी चालली तर थकवा, वजनवाढ आणि पाळीतले बदल. रजोनिवृत्तीची नक्कल इतकी हुबेहूब करणारा आजार दुसरा क्वचितच असेल, म्हणून थायरॉइडचे काम दाखवणारी टीएसएच ही तपासणी पाहणे योग्य. अंगावरून जास्त जात असेल तर हिमोग्लोबिनबरोबर लोहाचा साठा दाखवणारे फेरिटिनही पाहावे, कारण हिमोग्लोबिन १२ च्या वर असतानाही शरीरातील लोहाचा साठा संपत आलेला असू शकतो. लोहाच्या कमतरतेने एचबीए१सी (गेल्या सुमारे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) थोडे वाढलेले दिसू शकते. तेव्हा सीमारेषेवरचा ५.८ पाहून मधुमेहाच्या उंबरठ्यावर आल्याची धास्ती घेण्याआधी लोह कमी आहे का ते तपासावे. शेवटच्या पाळीच्या आसपासच्या वर्षभरात एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल ठळकपणे वाढते, हे अमेरिकेत अनेक वर्षे चाललेल्या ‘स्वान’ या पाहणीतून दिसले आहे. आहार तोच असताना अहवाल का बिघडला, याचे उत्तर अनेकदा इथे असते. उलट, रक्तातील कॅल्शियम उत्तम आले म्हणून हाडे मजबूत आहेत असे ठरत नाही; शरीर ती पातळी हाडांतून कॅल्शियम काढूनही राखते, आणि हाडांची घनता डेक्सा या वेगळ्या तपासणीतच दिसते.

केस आणि नखे यांच्यासाठी घेतल्या जाणाऱ्या जास्त मात्रेच्या बायोटिनच्या गोळ्यांचा उल्लेखही इथे करायला हवा. काही प्रयोगशाळांच्या पद्धतींत बायोटिनमुळे टीएसएच आणि एफएसएच खोटे कमी, तर टी४ (थायरॉइडचे संप्रेरक) आणि इस्ट्राडिओल (इस्ट्रोजेनचा मुख्य प्रकार) खोटे जास्त दिसते. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने बायोटिनमुळे चुकणाऱ्या तपासण्यांबद्दल २०१७ मध्ये इशारा दिला होता. रक्त देण्यापूर्वी गोळीची माहिती द्यावी आणि ती किती दिवस आधी थांबवायची ते विचारावे. आणि ठळक अक्षरांत छापलेल्या प्रत्येक आकड्याने घाबरू नये: संदर्भ मर्यादा सहसा निरोगी माणसांपैकी ९५ टक्के आत बसतील अशी आखलेली असते. एकमेकींशी संबंध नसलेल्या २० तपासण्या केल्या, तर पूर्ण निरोगी स्त्रीच्या सगळ्या तपासण्या मर्यादेत येण्याची शक्यता जेमतेम ३६ टक्के उरते. ‘पॅकेज’ जितके मोठे, तितकी विनाकारण काळजी जास्त.

एका प्रसंगी मात्र कोणताही रक्त अहवाल हाती घेऊन बसू नये. पाळी थांबून वर्ष उलटल्यावर पुन्हा रक्तस्राव झाला, अगदी डाग पडण्याइतका असला तरी, तर एफएसएचचा आकडा काहीही असो, डॉक्टरांकडून तपासून घेऊन गर्भाशयाची सोनोग्राफी आणि गरज पडल्यास आतील अस्तराचा नमुना तपासावा लागतो. बहुतेक वेळा कारण साधे निघते, पण गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग बहुधा अशाच रक्तस्रावातून पहिल्यांदा लक्षात येतो, आणि त्याची बातमी हार्मोनच्या तपासणीत येत नाही.